सोलो गायक आमच्या रांगेत : एका हौशी गायकवृंदाच्या प्रकल्प नोंदी

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

उन्हाळ्याची सुटी संपून आज या हंगामाची पहिली तालीम झाली. व्यावसायिक सोलो (एकट्याने गाणाऱ्या) गायकांनी आम्हाला शिकवावे आणि आमच्याच रांगेत उभे राहावे, या कार्यकारिणीने जुलैमध्ये मंजूर केलेल्या प्रयोगाच्या नोंदी ठेवण्याचे काम चिटणीस या नात्याने माझ्याकडे आले आहे. समितीपुढे ठेवायचा वृत्तांत इंग्रजीत जाईलच; या नोंदी मी मराठीत लिहिते आहे, कारण गाण्याचा विचार माझ्या डोक्यात अजूनही सांगलीला गाणे शिकताना कानावर पडलेल्या शब्दांतच चालतो, आणि परदेशातल्या दोन-तीन महाराष्ट्र मंडळांतील परिचित मंडळी समूहगानाचा वर्ग कसा चालवावा हे मला गेले वर्षभर विचारत आहेत.

आमचे गाव वेस्ट यॉर्कशर परगण्यात, हडर्सफील्डपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. हडर्सफील्डची कोरल सोसायटी १८३६ सालची. अठराव्या शतकातल्या हेंडेल या संगीतकाराचा ‘मसाया’ (ख्रिस्ताविषयीची, वृंदाने आणि सोलो गायकांनी गायची इंग्रजी दीर्घ रचना) नाताळच्या सुमारास गाणे हा या सगळ्या परिसराचा कुळाचार म्हणावा इतका रुजलेला रिवाज आहे, आणि त्यामुळे आमच्यासारख्या ६२ जणांच्या हौशी वृंदालाही तो पाळावा लागतो. आमच्याकडे प्रवेशासाठी आवाजाची परीक्षा घेत नाहीत. स्वरलिपी वाचता येत असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्याकडे कान लावून शिकावे, असा शिरस्ता आहे.

आजवरची पद्धत अशी होती की चार व्यावसायिक सोलो गायक कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी येत, आमच्याबरोबर एक तालीम करत, संध्याकाळी आपापली गीते गात आणि बिदागी घेऊन जात. बहुतेक जण अतिशय सभ्य असत. गेल्या वर्षी मात्र एक गायक दुपारी चाळीस मिनिटे उशिरा आले आणि रात्री आमचे शेवटचे ‘आमेन’ चालू असताना, श्रोत्यांसमोर खुर्चीत बसून, मोबाइल पाहत राहिले. त्या दृश्याने वृंदातली माणसे जितकी दुखावली तितकी ती एखाद्या चुकीच्या स्वराने कधी दुखावली नसतील.

यंदा चौघांशी वेगळा करार केला आहे. प्रत्येकाने आपल्या आवाजाच्या विभागाच्या दोन तालमी घ्यायच्या, एक दिवसभराची कार्यशाळा सर्वांनी मिळून घ्यायची, नोव्हेंबरात दोन संध्याकाळी आमच्या रांगांत उभे राहून गायचे आणि कार्यक्रमातही समूहगीतांच्या वेळी रांगेतच उभे राहायचे. यामुळे बिदागीचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. खजिनदारांचे म्हणणे असे होते की एवढ्या पैशांत एखादा नामवंत गायक आणला तर तिकिटे तरी खपतील. त्यावर मी १७५४ सालचे उदाहरण पुढे केले. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमाच्या मदतीसाठी हेंडेल ‘मसाया’चे प्रयोग करत असे, आणि त्या वर्षीच्या प्रयोगाची कागदपत्रे उपलब्ध आहेत. त्यांवरून दिसते की समूहात जेमतेम १९ गायक होते आणि पाच सोलो गायकांनी समूहगीतांतही आवाज द्यायचा होता. म्हणजे सोलो गायकाने समूहगीताच्या वेळी खुर्चीत बसून राहावे हा नंतरच्या काळाचा शिष्टाचार आहे, मूळ रचनेची ती गरज नव्हे. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आजचा बराचसा वेळ प्रती वाटण्यात गेला. निम्म्या लोकांकडे स्वतःच्या प्रती आहेत, बाकीच्यांसाठी ग्रंथालयातून भाड्याने आणल्या. बहुतेक प्रती नोव्हेलो प्रकाशनाच्या, वॉटकिन्स शॉ यांनी संपादित केलेल्या आहेत. पण काही ज्येष्ठांकडे आजोबांच्या काळच्या, एबनेझर प्राउट यांच्या संपादनाच्या प्रती आहेत आणि दोहोंचे पृष्ठांक जुळत नाहीत. यापुढे पानाचा उल्लेख न करता गीताचे नाव आणि त्यातल्या आवर्तनाचा क्रमांक सांगावा असे ठरले. (मी ‘बार’ या शब्दासाठी ‘आवर्तन’ लिहिते आहे. तो नेमका प्रतिशब्द नाही, पण मोजताना मला तोच आठवतो.)

विभागवार संख्या : सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज) २४, आल्टो (स्त्रियांचा खालचा) २१, टेनर (पुरुषांचा उंच) ६, बास (पुरुषांचा खालचा) ११. सहा टेनरांपैकी दोन स्त्रिया आहेत. मी आल्टोत गाते.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सोप्रानो विभागाची पहिली स्वतंत्र तालीम झाली आणि नोंदी घेण्यासाठी मी मागे बसले.

येथे गुरूलाही पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते पहिली दोन वर्षे फार जड गेले आणि अजूनही मनातल्या मनात मी ‘बाई’ म्हणतेच, म्हणून येथेही त्यांचा उल्लेख सोप्रानोबाई असाच करते. त्यांचे वय चाळिशीच्या आतबाहेर असावे. ऑपेरात गाऊन आलेला त्यांचा आवाज आमच्या चॅपलच्या लहानशा सभागृहाला मोठा पडतो, पण तासभर त्यांनी तो जवळजवळ वापरलाच नाही.

काम होते ‘अँड ही शॅल प्युरिफाय’ या गीतातल्या ताना सोडवण्याचे. ‘प्युरिफाय’च्या शेवटच्या अक्षरावर सोळांश (एका मात्रेत चार येणाऱ्या) स्वरांची लांबलचक रांग आहे आणि आमच्या सोप्रानो गेली कित्येक वर्षे त्या रांगेत ठेचकाळत, शेवटच्या स्वरावर कशाबशा एकत्र पोहोचतात. बाईंनी आधी प्रत्येक चार स्वरांच्या गटातला पहिलाच स्वर गायला लावला आणि बाकीचे तीन मनात म्हणायला सांगितले. मग पहिला आणि तिसरा. मग चारही, पण लांब-आखूड, लांब-आखूड अशा लंगड्या चालीने. मग त्याच्या उलट, आखूड-लांब. शेवटी सरळ. एवढ्या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली आणि त्या काळात गीताचा वेग मूळ वेगाच्या निम्म्याहून अधिक कधी झाला नाही. पलट्यांचा रियाज ज्याने केला आहे त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

त्यानंतर अक्षराचे काम. ‘फाय’मधला उच्चार हा ‘आ’ आणि ‘इ’ यांचा जोड आहे, आणि सर्वसाधारण इंग्रज गायिका तान सुरू होताच ‘इ’कडे घसरते, त्यामुळे जबडा मिटतो आणि आवाज पातळ होतो. बाईंनी हनुवटीवर बोट ठेवायला लावले : पूर्ण तान ‘आ’वर, बोट हलता कामा नये, आणि ‘इ’ अगदी शेवटच्या स्वराच्या शेपटाला. आकारात तान घेण्याची सवय असल्याने मला हे मागे बसून सहज जमत होते, म्हणून थोडी फुशारकी वाटली. पुढच्याच मिनिटाला ती उतरली. आपल्याकडची तान मी घशातून हलवते आणि दोन स्वरांमधला सांधा थोडा पुसट ठेवते. येथे प्रत्येक स्वर मण्यासारखा सुटा हवा आणि तरीही दोन मण्यांमध्ये ‘ह’ ऐकू येता कामा नये. माझ्याकडून पहिल्या आठ स्वरांत तीन ‘ह’ निघाले.

जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन पडताळून पाहिली आणि ती खरी आहे. हे गीत आणि ‘हिज योक इज ईझी’ ही दोन्ही हेंडेलने १७४१च्या जुलैत लिहिलेल्या एका इटालियन युगुलगीतावरून घेतली आहेत. ‘फॉर अन्टू अस’ आणि ‘ऑल वी लाइक शीप’ ही त्याच महिन्यातल्या दुसऱ्या युगुलगीतावरून. ‘मसाया’ची रचना त्याने त्यानंतर २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या २४ दिवसांत पूर्ण केली. म्हणजे आम्ही साठ जण मिळून ज्या ताना ओढतो त्या मुळात दोन तयार गळ्यांसाठी बांधलेल्या आहेत. ‘फॉर अन्टू अस’मध्ये ‘फॉर’ या बिनमहत्त्वाच्या शब्दावर विचित्र जोर का येतो याचेही कारण तेच : इटालियन गीतात त्या जागी ‘नो’, म्हणजे ‘नाही’, हा ठसक्याचा शब्द होता. गेली नऊ वर्षे मी तो जोर भाषेच्या अडाणीपणाने देत होते असे समजत होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

टेनर आणि बास यांची एकत्र तालीम झाली. येथे दोन प्रशिक्षकांमध्ये, म्हणजे करारावर आलेले बास गायक आणि टेनर गायक यांच्यात, मतभेद झाला, तो नोंदवून ठेवते. (पुढेही ‘बास गायक’ आणि ‘टेनर गायक’ म्हणजे हेच दोघे.)

बास गायकांचे मत असे की जड आवाजांच्या अकरा पुरुषांना तानेत अगदी हलका ‘ह’ घेऊ द्यावा, नाहीतर सगळा चिखल होतो. ऐकणाऱ्याला तो ‘ह’ पाचव्या बाकापलीकडे पोहोचत नाही, स्वर मात्र सुटे पोहोचतात. टेनर गायकांना हे मुळीच मान्य नव्हते. एकदा ती कुबडी घेतली की पाय कधी चालत नाहीत, असे ते म्हणाले. आमच्या कंडक्टरांनी दोघांचे ऐकून घेऊन निवाडा दिला : सोप्रानो, आल्टो आणि टेनर ‘ह’शिवाय, बासांना मुभा. मला हा निवाडा योग्य वाटला. हौशी वृंदात आठवड्यातून दोनच तास हातात असतात आणि निष्ठेपायी त्यांतला अर्धा वेळ घालवता येत नाही.

बाकीचा वेळ ‘ऑल वी लाइक शीप’वर गेला. शब्द यशयाच्या ग्रंथातले आहेत : आम्ही सगळे मेंढरांसारखे भरकटलो. ‘लाइक’चे दोन अर्थ आणि त्यानंतरचा विराम यांमुळे श्रोत्यांना प्रथम ‘आम्हा सर्वांना मेंढरे आवडतात’ असे ऐकू येते, आणि मेंढरांच्या या मुलुखात त्यावर दर वर्षी कोणीतरी विनोद करतो. टेनर गायकांनी त्या विनोदाला हात घातला नाही. त्यांनी सर्वांना स्वर न लावता नुसते शब्द तालात बोलायला लावले आणि ‘लाइक’मधला ‘क’ अकरा ठिकाणी पडतो हे ऐकवले. नंतर त्या ‘क’ला मात्रा नेमून दिली. पेन्सिलीने प्रत्येकाने तेथे उभी रेघ मारली. ‘गॉन अस्ट्रे’वर आवाज वेगवेगळ्या वाटांनी पांगतात आणि ‘टर्न्ड’वर स्वर अक्षरशः गोल फिरतात; हे हेंडेलने मुद्दाम केले आहे, पण पांगणे एकत्र सुरू झाल्याशिवाय पांगणे वाटत नाही, गोंधळ वाटतो.

टेनर विभागातल्या दोघी स्त्रियांना त्यांनी पुरुषांसारखे गाऊ नका असे सांगितले. त्या खालच्या स्वरांवर जोर लावून बसत असत. आता त्या वरच्या जागा सांभाळतात आणि पुरुष खालच्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सभागृहाची हीटिंग बंद. कोट घालून पाऊण तास गायलो. नोंद घेण्याजोगे काही नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दिवसभराची कार्यशाळा, सकाळी दहा ते दुपारी चार, ५४ जण हजर. मला वाटते पूर्ण हंगामातला सर्वांत उपयोगी दिवस हाच ठरेल, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी आल्टोबाईंनी ‘अँड द ग्लोरी’ घेतले. सबंध ‘मसाया’तले पहिले समूहगीत हे, आणि त्यातला पहिला आवाज आल्टोंचा. चार आवाजांच्या पोटात दडून गाण्याची सवय असलेल्या आम्हा आल्टोंना संध्याकाळचा पडदा उघडावा लागतो आणि आम्ही तो दर वर्षी भीत भीत उघडतो. बाईंनी तंत्राचे काहीच सांगितले नाही. त्यांनी प्रत्येकीला एकेक करून ते पहिले वाक्य गायला लावले. एकवीस जणी. माझी पाळी आली तेव्हा खर्जाकडचा अर्धा भाग ठणठणीत लागला आणि वरचा अर्धा भाग चिरला, कारण लहानपणापासून गायले ते सगळे एकाच छातीच्या आवाजात. सगळ्यांचे एकदा सगळ्यांसमोर चिरकून झाल्यावर पुन्हा एकत्र गायलो, तेव्हा भीती उरली नव्हती.

दुपारी ‘सिन्स बाय मॅन केम डेथ’. त्याची पहिली काही आवर्तने संथ आहेत आणि त्यांना कोणत्याही वाद्याची साथ नाही. ए मायनरमध्ये (ए हा आधारस्वर, गंधार कोमल) सुरुवात होते, आणि मग एकाएकी वाद्यवृंद सी मेजरमध्ये (सी हा आधारस्वर, गंधार शुद्ध) धडाक्याने शिरतो. संथ भागात वृंदाचा स्वर उतरला असेल तर त्या क्षणी सगळ्या गावाला कळते. आज पहिल्या प्रयत्नात आम्ही पुरत्या अर्ध्या स्वराने उतरलो. साथीदारांनी ऑर्गनवर पुढची सुरावट वाजवली तेव्हा काही जण कळवळले, काही हसले.

स्वर उतरतो तो का, हे सोप्रानोबाईंनी फार सोप्या रीतीने दाखवले. एकच स्वर तीन-चार अक्षरांवर लागोपाठ येतो तेव्हा प्रत्येक अक्षराला तो केसभर खाली जातो. आणि खाली येताना आपण पायरी मोठी टाकतो, वर जाताना लहान. म्हणून उतरताना पायऱ्या लहान आणि चढताना मोठ्या समजायच्या, आणि तोच स्वर पुन्हा आला तर तो नवा, किंचित वरचा आहे असे मानून लावायचा. हे ऐकताना मला न राहवून मी विचारले की खाली तानपुरा लावला तर? माझी स्वतःची पट्टी पांढरी सहा, म्हणजे ए, त्यामुळे मोबाइलवरचा तानपुरा त्या षड्जावर आणि पंचमावर जुळवलेलाच होता. तो ध्वनिवर्धकाला जोडला. पहिला स्वरसमूह असा काही लागला की कंडक्टरांनी हात खाली घेतले आणि तो नुसता ऐकत राहिले.

पण थोडे पुढे गेल्यावर स्वरसमूह सरकू लागले आणि स्थिर षड्ज त्यांना टोचू लागला. आमच्यापैकी काही जण तानपुऱ्याशी जुळण्याच्या ओढीने आपले योग्य स्वर सोडू लागले. सोप्रानोबाईंनी शांतपणे तो बंद केला आणि म्हणाल्या, सुरुवातीसाठी रोज लावा, गाताना नको. मला क्षणभर वाईट वाटले, परंतु त्यांचे खरे होते. आपल्या गाण्यात षड्ज जागचा हलत नाही आणि सगळे त्याच्याभोवती फिरते. येथे जमीनच पाऊल टाकते.

चहाच्या वेळी ८२ वर्षांच्या एका आल्टोने आपल्या आजोबांची टॉनिक सोल्फाची प्रत दाखवायला आणली. नॉर्विचच्या सॅरा ग्लोव्हर यांनी काढलेली आणि जॉन कर्वन यांनी एकोणिसाव्या शतकात गावोगाव पोहोचवलेली ही अक्षरलिपी. रेघांवरचे स्वर वाचता न येणाऱ्या गिरणी कामगारांनी तिच्या आधाराने हेंडेल गायला. डी, आर, एम, एफ अशी अक्षरे, डो हलता (पट्टीप्रमाणे बदलणारा), म्हणजे आपला सरगमच. मी मोठ्या आत्मविश्वासाने वाचू लागले आणि ‘सिन्स बाय मॅन’वर अडखळले, कारण या लिपीत मायनरचा आधारस्वर ‘ला’ लिहितात. कानाला सा ऐकू येत होता आणि डोळ्यांपुढे ध होता. एखादी मूर्च्छना सोडवावी तसे पाच मिनिटे बसले, मग जमले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. तालमीला गेले नाही. सोप्रानोंनी ‘फॉर अन्टू अस’ केले असे कळते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चौघे व्यावसायिक गायक आज प्रथमच आमच्या रांगांत उभे राहिले. पहिला परिणाम विलक्षण होता. ‘वर्दी इज द लॅम’च्या पहिल्या स्वरसमूहाला सभागृहाच्या काचा थरथरल्या आणि लोक एकमेकांकडे पाहून हसू लागले.

दुसरा परिणाम तासाभराने दिसला. आल्टो विभागातली एक जुनी सदस्या मध्यंतरात माझ्याकडे येऊन म्हणाली की त्या बाईंच्या शेजारी उभे राहिले की मला माझाच आवाज ऐकू येत नाही, मग मी गाते कशाला? आणखी दोघींचे तेच म्हणणे निघाले. दुसऱ्या बाजूला बासांतले काही जण तोंड उघडण्याआधी त्यांच्या गायकांच्या श्वासाची वाट पाहू लागले होते, त्यामुळे प्रत्येक प्रवेश केसभर उशिरा पडत होता. ज्यांना शिकवून उभे करायचे ते टेकून उभे राहायला लागले. ठराव मी मांडला होता, त्यामुळे रात्री झोप लागली नाही हेही नोंदवते.

तात्पुरता उपाय म्हणून पुढच्या वेळी चौघांनी रांगेच्या मध्ये न उभे राहता शेवटच्या टोकाला, किंचित मागे उभे राहावे असे ठरले. त्यांनी ते ताबडतोब मान्य केले. आपला आवाज निम्म्यावर ठेवून तासभर गाणे हे पूर्ण आवाजात गाण्याहून थकवणारे असते, असे बास गायक जाताना सहज बोलून गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

‘अँड ही शॅल प्युरिफाय’. या गीताची सुरुवात सोप्रानोच करतात, आधी वाद्यांची प्रस्तावना नाही. कंडक्टरांनी हात उचलला, खाली आणला, आणि पियानोवरची खालची ओळ एकटीच चालू लागली. चोवीस सोप्रानोंपैकी एकीनेही तोंड उघडले नाही. दोन आवर्तने गेल्यावर साथीदारही थांबले.

सोप्रानोबाई टोकाला प्रत मिटून उभ्या होत्या. त्यांनी मुद्दाम आवाज दिला नव्हता आणि हे त्यांनी कंडक्टरांनाही आधी सांगितले नव्हते, असे नंतर कळले. कोणीतरी हसले, मग कोणीच हसले नाही. बाई एवढेच म्हणाल्या, “सहा तारखेला मला ताप आला तर?” (कार्यक्रम सहा डिसेंबरला आहे.)

दुसऱ्या खेपेस दुसऱ्या रांगेतून एकच आवाज वेळेवर आला. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि त्यांना मी आजवर एकटे बोलतानाही फारसे ऐकलेले नाही. तिसऱ्या खेपेस आठ-नऊ आवाज आले. सातव्या खेपेस सगळे. तान काही निर्दोष नव्हती, मध्ये एक गट घसरलाच, पण ती त्यांची स्वतःची तान होती आणि सप्टेंबरमधले लंगडे पलटे त्यात स्पष्ट ऐकू येत होते. माझी खात्री झाली ती आज : प्रशिक्षक रांगेत हवा, पण केव्हा गप्प बसायचे हेही त्याच्या करारात लिहिले पाहिजे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

उभे राहण्याचा आराखडा पक्का केला. अडचण ‘मसाया’च्या तिसऱ्या भागात आहे. सोप्रानो सोलोनंतर लगेच ‘सिन्स बाय मॅन’, आणि ते संपताच बास गायकाचे ‘बिहोल्ड, आय टेल यू अ मिस्टरी’. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. म्हणून चौघांनी आपापल्या विभागाच्या पुढच्या रांगेच्या टोकाशी उभे राहावे आणि सोलोच्या वेळी दोन पावले पुढे यावे.

सोप्रानोबाईंनी एक सोय दाखवून दिली. त्यांचे गीत ई मेजरमध्ये संपते. तो ई म्हणजे आमच्या ए मायनरचा पंचम. त्यांचा शेवटचा ई कानात धरून ठेवायचा, वाद्ये थांबू द्यायची, आणि त्याच्या खाली आपापला स्वर शोधायचा. ऑर्गनकडून वेगळा स्वर मागायची गरज नाही. आज पाच वेळा करून पाहिले, चार वेळा जमले.

‘अँड ही शॅल प्युरिफाय’च्या वेळी चौघांनी खाली बसावे, अशी सूचना सोप्रानो विभागातूनच आली आणि ती मान्य झाली.

रविवार, ७ डिसेंबर

कार्यक्रम काल संध्याकाळी झाला. साथीला नऊ तंतुवाद्ये, दोन ट्रम्पेट, टिंपनी आणि ऑर्गन. पहिला भाग संपूर्ण केला, पुढच्या दोन भागांतले निवडक. (मूळ प्रयोग डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी झाला होता. नाताळशी ही रचना जोडली गेली ती पुढे, आणि आमच्या गावात हे सांगितले तर लोक नाराज होतात.)

‘अँड द ग्लोरी’ला आल्टो वेळेवर आणि मोकळ्या आवाजात शिरल्या. ‘प्युरिफाय’ला चौघे बसले, श्रोत्यांना त्यात काही विशेष वाटले नसावे. सोप्रानोंचा प्रवेश कंडक्टरांच्या हाताबरोबर आला, पहिली तान स्वच्छ गेली, दुसऱ्या तानेत थोडी घाई झाली आणि कंडक्टरांनी डाव्या हाताने ती आवरली. खाली बसलेल्या सोप्रानोबाईंची हनुवटी मला बाजूने दिसत होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवले होते.

‘सिन्स बाय मॅन’ पूर्णपणे टिकले नाही. पूर्वी अर्धा स्वर उतरायचो, काल साधारण त्याच्या निम्मा उतरलो, आणि वाद्ये शिरली तेव्हा ज्यांना ऐकू यायचे त्यांना ऐकू आलेच. लगेच पुढे बास गायक दोन पावले यायला निघाले आणि त्यांचा पाय फुलांच्या स्टँडला अडकला. तीन-चार सेकंद पूर्ण शांतता पसरली, मग ‘बिहोल्ड’. मध्यंतरानंतरचा तोच सर्वांत परिणामकारक क्षण होता असे निदान तिघा श्रोत्यांनी मला बाहेर पडताना सांगितले. मी आभार मानले.

‘आमेन’ बासांनी सुरू केले. त्यांचे गायक त्या वेळी टोकाला होते आणि त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही. शेवटच्या लांब जागी विषम क्रमांकाच्या खुर्च्यांनी आधी आणि सम क्रमांकाच्या खुर्च्यांनी नंतर श्वास घ्यायचा, असे ठरले होते, मी सम. माझा श्वास चुकून आधीच संपला, मी तोंड मिटले, नवा श्वास घेतला आणि स्वराची आस चालू असतानाच हळूच त्यात परतले. शेजारणीलासुद्धा कळले नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

हिशेब समितीपुढे ठेवला. तिकिटे गेल्या वर्षाहून सोळा कमी विकली गेली. खजिनदारांनी हा आकडा दोनदा वाचून दाखवला. त्याच सभेत वसंतातल्या कार्यक्रमासाठीही हाच करार करावा अशी विनंती टेनर विभागाने लेखी दिली, सहा जणांच्या सह्यांनिशी. चर्चेअंती प्रशिक्षणाच्या तालमी दोनवरून तीन कराव्यात, रांगेत उभे राहण्याच्या संध्याकाळी दोनवरून एक करावी आणि एका गीतात प्रशिक्षकांनी गाऊ नये असे कलम घालावे, असे ठरले. या वेळी मते सात विरुद्ध दोन.

भाड्याच्या प्रती ग्रंथालयाला परत करण्याआधी त्यांवरच्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडाव्या लागतात, असा नियम आहे. चौघे जण रबर घेऊन दीड तास बसलो. खोडण्याआधी मी प्रत्येक विभागाच्या एकेका प्रतीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घेतले : ‘क’ची उभी रेघ, श्वासाची टिंबे, ‘फाय’खाली काढलेला मोठा ‘आ’, आणि ‘सिन्स बाय मॅन’च्या डोक्यावर कोणा टेनरने लिहिलेले ‘लहान पायऱ्या!’. खजिनदारांनी कशासाठी असे विचारले, तेव्हा मी त्यांना बिदागीच्या पावत्यांसोबत जोडायला ती देऊन टाकली.